ऐंशी फोटोंमधला एक ठिपका

चिंचवड,
रविवार, २० एप्रिल २०२५

प्रिय रोहिदासकाका,

शाहीनचा सलाम. शालनकाकूंनाही सलाम, कारण हे पत्र त्याच मोठ्यानं वाचून दाखवणार. काकू, सावकाश वाचा आणि मधलं काही गाळू नका.

काका, तुम्ही माझा फोन उचलत नाही. परवा काकूंनी उचलला आणि म्हणाल्या, "ते गोठ्यात हायेत." मागे तुमचा खोकला मला स्वच्छ ऐकू येत होता. काकू, तुम्हाला खोटं बोलता येत नाही, आता या वयात शिकूही नका. म्हणून कागद घेतला. कागद कट करता येत नाही.

इकडे सगळे खुशाल. अब्बा गॅरेजमध्ये दुपारी पाऊण तास आडवे होतात आणि झोपलोच नव्हतो म्हणतात. महाळुंग्याला कंपनीत नवीन पेंट बूथ आलाय. तपासणीच्या टेबलावर तुमच्या जागी जो आलाय, तो बॉनेटवरून हात फिरवतो आणि पुढे ढकलतो. ट्यूबलाइटखाली वाकून बघणं नाही, काही नाही. मी त्याला सांगितलं, भाऊ, मला ज्यांनी शिकवलं त्यांनी मोहरीएवढा ठिपका सोडला नाही कधी. तर म्हणे, मॅडम, मोहरी कोण बघतं?

दिवसाला चारशे बॉनेटं, सात वर्षं. आमच्याकडे ठिपका म्हणजे दोष. दिसला की घासायचा, पुसायचा, नाहीतर पार्ट बाजूला काढायचा. ही सवय हातात बसलीय काका, आणि ती कुठे थांबवायची हे मला कळलं नाही.

बघा, दीड पान झालं, अजून मुद्द्यावर आले नाही.

काकूंनी फोनवर सांगितलं की एक मेला झेंडावंदन झालं की तुम्ही दुर्बीण शाळेला देऊन टाकणार आहात. "आता बगून काय करायचं म्हणत्यात," असं म्हणाल्या. शाळेला दुर्बीण मिळणं चांगलंच. पण तुम्ही का देताय ते मला माहीत आहे, आणि ते कारण खोटं आहे. ते मी तयार केलंय.

एक मार्चची रात्र आठवते ना? पाईटकडचं तुमचं शेत, खोलीच्या गच्चीवर दुर्बीण. सिंह राशीतल्या त्या तिरक्या दीर्घिकेचे आपण तीन-तीन मिनिटांचे ऐंशी फोटो घेत होतो. घरी नेऊन ते मी एकावर एक रचणार, म्हणजे अंधारातलं बारीकसारीकही उठून येतं. काकू, हे काम माझं. दुर्बीण रोखणं, सांभाळणं काकांचं. पंधरावा-सोळावा फोटो लॅपटॉपवर आला आणि तुम्ही नाक पडद्याला लावून म्हणालात, "पोरी, ह्यो ठिपका गेल्या साली न्हवता."

मी म्हटलं, कॅमेऱ्याच्या सेन्सरवरची घाण असेल.

तुम्ही म्हणालात, "घाण जाग्यावर ऱ्हाती. ह्यो ताऱ्यांसंगं सरकतोय, बग की."

मी बघितलं नाही. खरंच सांगते, मान वळवलीसुद्धा नाही. चहा ओतत होते. आठवड्यानं फोटो तयार केला, तेव्हा ठिपका समोर आला आणि माझ्या बोटांनी तो पुसला. एक क्लिक. मला वाटलं, छान साफ झालं.

मग आठ तारखेला आपल्या आकाशदर्शन मंडळाच्या बैठकीत तो फोटो भिंतीवर लावला. सगळे वाहवा करत होते. तुम्ही उठून विचारलंत, "त्यातला तारा कुठं गेला?" आणि मी माइकवर म्हणाले, "काका, तो तारा नव्हता. काचबिंदू झालेल्या डोळ्यांवर किती भरवसा ठेवायचा?"

काचबिंदूचं तुम्ही काकूंशिवाय फक्त मला सांगितलं होतं. पंधरा माणसांसमोर मी ते बोलून गेले, आणि दोघंतिघं हसले. तुम्ही "आसंल" म्हणालात, चप्पल घातलीत आणि चाकणची बस पकडलीत. तेव्हापासून तुम्ही गच्चीवर चढला नाहीत.

आता ऐका. काकू, इथे थांबू नका.

तो तारा होता. मरणारा तारा. फुटताना सबंध दीर्घिकेच्या उजेडाला टक्कर देतो, तसला. चार मार्चला परदेशात कुणीतरी त्याची नोंद केली, आणि जगभरच्या दुर्बिणी तिकडे वळल्या. मी ते बारा तारखेला वाचलं. मूळ फोटो उघडले, एकेक करून. ऐंशीच्या ऐंशी फोटोंत तो आहे, काका. ताऱ्यांबरोबर सरकतोय, तुम्ही म्हणाला होतात अगदी तस्साच.

मी खुर्चीतून उठून खाली जमिनीवर बसले. अहो, सहा कोटी वर्षं! तो उजेड तिथून निघाला तेव्हा माणूस नव्हता, भामा नदी नव्हती, ज्या डोंगरांमागे आपण चाकणचे दिवे लपवतो ते डोंगरही नव्हते. इतक्या काळोखातून तो चालत आला, कुठे अडला नाही, विझला नाही, आणि बरोबर त्या रात्री तुमच्या शेतातल्या दुर्बिणीच्या आठ इंची आरशावर उतरला. आख्ख्या पृथ्वीवर तेव्हा त्याला ओळखणारा एकच माणूस जागा होता, मफलर गुंडाळून, बाजूनं अंधुक होत चाललेल्या डोळ्यांनी. अजूनही हे लिहिताना माझ्या अंगावर काटा येतो. आणि असा पाहुणा मी माउसनं पुसून टाकला. धूळ म्हणून!

तीन दिवस आधी पाहिला होता तुम्ही. त्याच रात्री मी मान वळवली असती, तर नोंदीत तुमचं नाव असतं. ते आता होत नाही. अशा ताऱ्यांची नोंद ठेवणाऱ्यांकडे मी आपले फोटो तारखेसह पाठवलेत, "प्रथम पाहणारे: रोहिदास" असं लिहून. त्यांचं उत्तर आलं, फोटो उपयोगी आहेत, वाढत्या उजेडाचा अभ्यास करायला घेतलेत. नोंद मात्र ज्यांनी आधी कळवलं त्यांचीच. हे नुकसान माझ्यामुळे झालं. ते भरून देता येत नाही मला.

आणि बारा मार्चला कळूनही आज वीस एप्रिल उजाडला. याचं कारण विचाराल तर लाज. मंडळात मला "शाहीनची नजर" म्हणून मान देतात, तो जाईल याची भीती. एवढंच. मोठं काही कारण नाही. काल बैठकीत सगळं उभं राहून सांगितलं. आज माझ्या नावाला तिथे काय किंमत आहे माहीत नाही, पण रात्री झोप लागली.

माफी मागते, पण तुम्ही लगेच "जाऊ दे" म्हणू नका. रागवा. फोनवर शिव्या घाला, मी ऐकेन.

फक्त दुर्बीण देण्याचा निर्णय माझ्या शब्दांवर घेऊ नका. डोळे उद्या काय करतील ते डॉक्टर जाणे. एक मार्चला ते शाबूत होते. तारा मंदावत चाललाय, महिनाभरात आपल्या कॅमेऱ्याच्या आवाक्याबाहेर जाईल. शनिवारी, २६ तारखेला, आकाश काळं मिळेल. मी अब्बांची गाडी घेऊन संध्याकाळी पाईटला येते. तुम्ही गच्चीवर आलात तर आलात. नाहीतर मी खाली ओट्यावर बसून परत जाईन.

सोबत त्या रात्रीचा फोटो ठेवलाय, न पुसलेला. त्यावर मी बाण काढलेला नाही, गोल केलेला नाही, कसलीच खूण नाही. काकू, कृपा करून तुम्हीही बोट दाखवू नका. फोटो त्यांच्या हातात द्या आणि दारातल्या उजेडात बसू द्या. त्यांचा त्यांना सापडेल.

त्या रात्री तुमच्या शेजारी बसून न बघितलेली,
शाहीन