लीबुशेमावशीचा डोळा

तीर्थस्वरूप लीबुशेमावशीस,

ब्रनोहून यारोमीरचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे सर्व क्षेम. तुझा गुडघा ठणकायचा थांबला असेल आणि आलुबुखारची दारू, आपली स्लिवोवित्से, फक्त औषधापुरतीच घेत असशील (औषध दिवसातून किती वेळा, ते विचारत नाही). डोळ्यांची चौकशी करत नाही, ते घारीचेच.

मावशी, भाच्याचा अभिमान वाटावा असंच घडलंय. संगणकाच्या पडद्यावरचा प्रत्येक ठिपका म्हणजे लाल, हिरवी, निळी अशा तीन उभ्या पट्ट्या. माझं काम, म्हणजे मी लिहिलेला कोड, त्या सुट्या वापरून अक्षराची कड धारदार करतं. पट्ट्यांचा क्रम पडदा सांभाळणाऱ्या प्रोग्रामने, डिस्प्ले सर्व्हरने, सांगायचा आणि अक्षरं दुसऱ्या प्रोग्रामने, टूलकिटने, काढायची. या दोन जावांचं एकमेकींशी पटत नाही, आणि तीन वर्षं मी दोघींचे निरोप पोचवतोय! आता आमचा म्होरक्या बोरिवोय म्हणतो, पडदे बारीक ठिपक्यांचे झाले, कोणाला फरक दिसतो? काढून टाका.

बिअरच्या टेबलावर मी छाती काढून म्हणालो, "माझ्या मावशीला दिसतो!"

"मावशी आहे की भिंग?"

"उभा जन्म छापखान्यात प्रुफं तपासलीत तिनं. माशीचा ठिपका आणि पूर्णविराम लांबून ओळखते."

"आणि भाचा?"

झालं! माझाच पडदा घरून आणला, शेजारी-शेजारी दोन मजकूर लावले. मी एकावर बोट ठेवून जाहीर केलं, "ही माझी कलाकुसर." तो निघाला साधा मजकूर. बोरिवोय हसताना तोंडातल्या सॉसेजसकट खुर्चीवरून घसरला. दोष माझा नव्हे, खिळ्याचा. वायर पुरेना म्हणून घरी पडदा खिळ्याला उलटा टांगला होता आणि चित्र सेटिंगमधून सुलटं केलं होतं, बिअरच्या टेबलावरही तो तसाच ठेवला. पट्ट्यांचा क्रम उलटला आणि सर्व्हर बिचारा कारखान्यातलाच क्रम सांगत बसला, त्यामुळे माझीच अक्षरं साध्यांपेक्षा फिसकटलेली दिसली. म्हणजे एवढे दिवस मी भलत्याच अक्षरांचं कौतुक करत होतो, पण किती मनापासून! ही चूक जगात पहिल्यांदा मीच शोधली, हे कोणी बोलेना.

शेवटी ठरलं, रविवारी सगळ्यांनी तुझ्याकडे त्रेबीचला यायचं. पडदा सुलटा, पंच तू. तू ओळखलंस तर माझं काम राहील, नाहीतर सोमवारी पुसतील. काम गेलं तर रडेन, पण तुझ्या डोळ्याला कोणी नावं ठेवलेली मला सोसणार नाहीत.

तुझाच,
यारोमीर

ता. क. चौघे येतोय. उकडलेल्या पिठाच्या क्नेद्लिकी जरा जास्त कर, बोरिवोय पोट भरलं की नरमतो.

ता. क. पुन्हा : आईकडून कळलं, तुझा मोतीबिंदू पिकलाय आणि पत्रंसुद्धा शेजारच्या श्तेपांकाबाई वाचून दाखवतात. मला का नाही कळवलंस गं?

ता. क. शेवटचा : श्तेपांकाबाई, नमस्कार. हे वाचताय त्या अर्थी तुमची नजर उत्तम. रविवारी मावशीच्या मागे उभ्या राहा. जिकडचं तुम्हाला सुखानं वाचता येईल, तिकडच्या दंडाला हळूच चिमटा काढा. आणि मावशी, तू ओरडू नकोस.