बाजूला बसायचे दिवस

तेलीबांधा, रायपूर
१० नोव्हेंबर २०२४

ती. सौ. विजयाताईस,
निवेदिताचा नमस्कार.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून एकाच गावात राहून पत्र लिहायची वेळ आली. हे पत्र मी सदर बाजारात दुकानावर नरहरभाऊजींच्या हाती देईन. ते तुझं पत्र फोडणार नाहीत, एवढा माझा त्यांच्यावर विश्वास आहे.

आईचा गुडघा बरा आहे. सकाळी तलावाकाठी फिरायला नेते, तर फिरणं कमी आणि बाकांवरच्या बायकांची चौकशीच जास्त. माझ्या मनगटाचं प्लास्टर निघालं. मधल्या काळात मी डाव्या हाताने चहा करायला शिकले, पण तो आई पीत नाही. आमच्या मत्स्य संशोधन केंद्रातले मासे मजेत आहेत, निदान आपल्यापेक्षा तरी.

भाऊबीजेनंतर तू आलीस आणि माझ्या माशांवर चिडून निघून गेलीस. “माझी पोट्टी काय मासा आहे काय?” म्हणालीस आणि चहा तसाच टाकून उठलीस. तुझा राग खरा होता. तू श्रावणीचा रिपोर्ट माझ्या हातात दिलास, आणि मी सरळ बोलायचं सोडून टाक्यांच्या गोष्टी सांगत बसले. घाबरले की मी अशीच शिकवायला लागते.

पण जे सांगत होते ते खोटं नव्हतं. आमच्याकडे तिलापिया जातीचे मासे आहेत. पिल्लू नर व्हायचं की मादी, याची सुरुवात जनुकं करतात, पण शेवट नेहमी त्यांच्याच हातात राहतो असं नाही. पिल्लं अगदी लहान असताना खाद्यातून हार्मोन दिलं, तर जनुकांनी नर असलेलं पिल्लू मादी म्हणून वाढतं. मोठेपणी अंडी घालतं आणि ती तोंडात धरून सांभाळतं. दुसऱ्या टाकीत बोटाच्या दोन पेरांएवढे पट्टेवाले मासे आहेत. त्यांतल्या काहींचं एकच जनुक बिघडलेलं आहे. त्यांचं शरीर नराचं हार्मोन बनवतं, पण त्या हार्मोनचं म्हणणं पेशींना ऐकूच येत नाही. म्हणून मासा दिसतो मादीसारखा, आणि आत असतं नीट न वाढलेलं वृषण. पिल्लं होत नाहीत. बाकी तो खातो, पोहतो, दुसऱ्याच्या वाटचं पळवतो. त्याला काही दुखत नाही.

तू म्हणालीस, असलं घाणेरडं आईसमोर बोलू नको. आई शेजारी वाती वळत होती. तिचे हात थांबले होते, ते तू पाहिलं नाहीस.

ताई, परवा श्रावणी कॉलेजातून परस्पर माझ्याकडे केंद्रात आली. तिला रागावू नको. टाकीच्या काचेला नाक लावून बराच वेळ उभी राहिली, मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, “मौसी, मैं हर महीने चार दिन अलग क्यों बैठती हूँ? मुझे तो कुछ होता ही नहीं.”

मी म्हटलं, “तुझी आई काय म्हणते?”

“मम्मी बोलती है, दादी के लिए बैठ जा. मोहल्ले की आंटी लोग पूछती हैं.” मग म्हणाली, “और ये हर्निया सच में है क्या?”

मी म्हटलं, “आईला विचार बेटा.” तर म्हणते, “पूछती हूँ तो मम्मी रोने लगती है.”

सतराव्या वर्षी पोरगी आपल्या आईला सांभाळून घेते आहे. मला घरी येईस्तोवर रडू आवरलं नाही.

ही बाजूला बसवायची युक्ती तुला कोणी दिली, ते मला ठाऊक आहे. आईने दिली. कारण मीही बसले आहे. तू तेव्हा लग्न होऊन पुरानी बस्तीत गेली होतीस, म्हणून तुला पत्ता नाही. आजीला आणि शेजारच्या काकूंना शंका येऊ नये म्हणून आई मला दर महिन्याला मागच्या खोलीत चटईवर बसवायची. वेगळं ताट, वेगळा तांब्या, देवघराकडे जायचं नाही. मला आधी मजाच वाटायची, कामं चुकायची आणि पुस्तकं वाचायला मिळायची. एकदा आईच्या तारखांचा घोळ झाला आणि तिने मला एकाच महिन्यात दोनदा बसवलं. आजीने कपाळावर हात मारला, “पोट्टीले डाक्टरले दाखव वं, आंगात रगत उरलं नाही तिच्या!” आम्ही मायलेकी मागच्या खोलीत तोंड दाबून हसलो. ते आठवलं की मला अजून हसू येतं, आणि मग लगेच राग येतो. जे कधी आलंच नाही, त्याचा विटाळ मी कॉलेज संपेपर्यंत पाळला.

आणि नागपूरला माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं, ते तुला आठवत असेल. तू डबा घेऊन आली होतीस.

मला एवढंच सांगितलं होतं की गर्भाशय जन्मापासून नाही. पुढे मीही विचारलं नाही. रोज माशांची जनुकं तपासणारी बाई स्वतःच्या रक्ताच्या वाटेला गेली नाही. तुम्हाला सगळ्यांना वाटत राहिलं की मी शिक्षणापायी लग्न केलं नाही, आणि मला ते बरंच पडलं. मग सप्टेंबरात साध्या पायरीवरून घसरले आणि मनगट मोडलं. डॉक्टरांनी हाडांची तपासणी केली आणि म्हणाले, ही हाडं तुमच्या वयाची नाहीत, तुमच्या आईची शोभतील. लहानपणच्या ऑपरेशनचं विचारलं. रक्त तपासलं. दिवाळीच्या आधी रिपोर्ट आला.

श्रावणीला जे आहे, तेच मला आहे, ताई. जनुकांनी मुलगा, आणि बाकी सगळी मी. तुझ्या हातातला कागद वाचला तेव्हा माझाच कागद वाचते आहे असं वाटलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. तू माझ्याकडे कशी बघशील, या भीतीने माझी जीभ उचलली नाही.

हे आईकडून आलं, आणि तुझ्याकडून पुढे गेलं. तुझ्या उपासांशी, तुझ्या गरोदरपणाशी याचा काही संबंध नाही. विनोदिनी मावशीला सासरच्यांनी परत पाठवलं, तिचंही हेच असणार. तिला बिचारीला हर्नियाचं नावसुद्धा मिळालं नाही.

काल आईला विचारलं. आधी ऐकू न आल्यासारखं केलं. मग म्हणाली, “तुले कोनी बोट दाखवू नये म्हणून केलं वं. मले दुसरं काय समजत होतं?” मला तिच्यावर ओरडायचं होतं. पण तिने माझं मोडलेलं मनगट मांडीवर घेतलं आणि चोळत बसली. मी हात काढून घेतला नाही.

पण तुला आज समजतं. म्हणून तुझ्याशी भांडणार आहे. हर्नियाच्या नावाखाली माझ्या शरीरातली वृषणं काढली, हे मला कोणी सांगितलं नाही. त्यानंतर हाडांसाठी जन्मभर हार्मोनच्या गोळ्या घ्यायच्या असतात, तेही नाही. खोटं झाकायला औषधही झाकलं गेलं. इथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, घाई नाही, श्रावणी अठरा वर्षांची होऊ दे, तिला समजावून सांगा, लक्ष ठेवू, मग तीच ठरवेल. ऑपरेशन करूच नको असं मी म्हणत नाही. तिला न सांगता, हर्निया म्हणून, १८ तारखेच्या सोमवारी नागपूरला नेऊ नको. नेलंस, तर मी त्याआधी तिला सांगेन, मग तू जन्मभर माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. नाही, चालणार नाही. पण सांगेन.

हे तुझ्या तोंडून तिला कळावं असं मला फार वाटतं. तू रडलीस तरी तुझ्याच तोंडून.

म्हणून या गुरुवारी ये. तिला आणू नको, आधी एकटी ये. माझ्यासमोर बस आणि मला नीट बघ. सगळं माहीत असताना बघ. मी तुला पूर्वीसारखीच दिसले, तर घरी जाऊन पोरीच्या तोंडाकडे बघायला तुला भीती वाटणार नाही.

आणि वेगळी दिसले, तर तेही मलाच सांग. तिला नको.

तुझी बहीण,
बहीणच,
निवेदिता