तीन मिनिटांत शत्रू खलास

८ जुलै १९७४
पेपरात वाचलं. जलपर्णी नावाची वनस्पती तळीच्या तळी गिळते आहे. आमचं तळं अजून स्वच्छ. पण गाफील राहील तो मी नव्हे! पलटणीत स्टोअरकीपर होतो, चेष्टा नाही. आजच पथक काढलं. कमांडर मी. कोयता भीमाकडे, तळ्यातल्या मासळीवरच त्याचं घर चालतं. शिट्टी शेजारच्या कापडवाल्या चनबसप्पाकडे. शिट्टी वाजली की तीन मिनिटांत शत्रू खलास.

११ जुलै
पहिली प्रॅक्टिस. शत्रू म्हणून केळीची पानं सोडली. भीमानं ती धुऊन जेवायला घरी नेली. केळीच्या पानाचा राग येणार कसा? खरा शत्रू पाहिजे.

२० जुलै
मेव्हण्याच्या गावच्या डबक्यातून एक जिवंत जलपर्णी बादलीत घालून एस.टी.नं आणली. टॉप सीक्रेट. माझ्या बायकोला, हेमावतीला, त्याचं जांभळं फूल आवडलं. बायकांना शत्रू ओळखता येत नाही.

२१ जुलै, सकाळी
कोणी यायच्या आत शत्रू तळ्यात सोडला. मग शिट्टी! भीमानं कोयत्यानं खांडोळी केली, मी काठीनं ठेचली. चनबसप्पाचं बोट कापलं, पाणी लाल झालं, तरी तो कमरेचा पट्टा काढून झोडपतच होता. वा! तुकडे तळ्यातच सोडले, माशांना. पेढे वाटले.

२५ ऑगस्ट
हल्ला!! काठाला जलपर्णी. मी म्हटलंच होतं. आणली कुणी? नक्की फितुरी. चनबसप्पावर संशय. आणखी बारीक तुकडे करायचा हुकूम दिला.

१४ सप्टेंबर
तोडावी तितकी वाढते. म्हणजे आम्ही कमी तोडतोय. रॉकेल ओतून पेटवली. माझ्या मिशा गेल्या, ती हिरवीच. भीमा म्हणाला, सायेब, जाळं टाकायला जागा न्हाय, पोरांनी खायाचं काय? म्हटलं, युद्धात थोडा त्रास होतोच.

६ ऑक्टोबर
फितूर म्हटल्याबद्दल चनबसप्पानं थोबाडीत दिली, कानडीतून बरंच काही बोलला, शिट्टी अंगावर फेकली. वर भीमाला बादलीचं सांगितलं. (हेमावती! तिनंच त्याच्या बायकोला सांगितलं होतं.) भीमानं मला उचलून तळ्यात फेकलं. बुडालो नाही. जलपर्णी इतकी दाट, वरच पडून राहिलो.

१ नोव्हेंबर
भीमा बायकोपोरं घेऊन मंगळवेढ्याला मजुरीला गेला. जाळं माझ्या दाराला अडकवून गेला. कमांडरला मानाची भेट असावी. पण जाळं अगदी कोरडं होतं. फार वाईट वाटलं.

संध्याकाळी परसात पडलेली तीच बादली घासायला घेतली. पावसाच्या पाण्यात एक चिमुकलं हिरवं रोप. शत्रू! जोरात शिट्टी फुंकली. तीन मिनिटं थांबलो. नंतरही बराच वेळ थांबलो. कोणी आलं नाही. शेवटी मीच दोन बोटांत धरून उचललं. सहज निघालं.