बाबांना सांगितलेला अर्थ

४ ऑगस्ट
पुण्याहून दादाचा फोन. विषय बाबांचाच. वय चौऱ्याहत्तर, निवृत्त कारकून. रोज दुपारी नंदनवनहून बसने इतवारी बाजारात जातात, गुंडाळीचा फळा काखेत, हमालांना लिहा-वाचायला शिकवायला. तीन वर्षांत टिकला एकटा शामराव. दादा म्हणे, थांबव त्यांना. म्हटलं, ऐकणार नाहीत रे, क्विक्झॉटिक आहेत. बाबा मागेच उभे.
"कोणता शब्द म्हटला वं तुनं?"
"क्विक्झॉटिक. म्हणजे ध्येयवेडा."
खूश. स्पेलिंग विचारून वहीत लिहून घेतला.

७ ऑगस्ट
शेजारच्या काकूंना सांगत होते, "पोरगी कॉलेजात इंग्रजी शिकवते. मले क्विक्झॉटिक म्हणते." स्वयंपाकघरातून ऐकलं. बाहेर गेले नाही.

११ ऑगस्ट
बाबा आज गेले नाहीत. फळा दाराआड. टेबलावर माझा इं.-म. कोश उघडा, पेन्सिलीची रेघ: 'उदात्त पण अव्यवहारी, वास्तवाचं भान नसलेला.'
"अर्धाच सांगितला तुनं."
म्हटलं, उदात्तही आहे ना त्यात.
"आहे. 'पण'च्या अगोदर."
मग बाबा नीट जेवले. भांडले असते तर बरं झालं असतं.

१४ ऑगस्ट
बी.ए. द्वितीयला शब्दार्थ. तोच शब्द का घेतला, माहीत नाही. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, ही तारीफ आहे की टोमणा?" म्हटलं, बोलणाऱ्यावर आहे. त्या दिवशी फोनवर माझा सूर कोणता होता? पुढचा शब्द घेतला.

१९ ऑगस्ट
शामराव घरी आला, पत्ता विचारत विचारत. दारातच उभा. "मास्तर काहून येऊन नाही राहिले, ताई? बरं नाही का? माझं नाव लिहून झालं, आडनाव राह्यलं ना." आतल्या खोलीत रेडिओ लागला होता, तो बंद झाला. बाबा बाहेर आले नाहीत. चहा घ्या म्हटलं, नको म्हणाला. पाऊण तास चालत आला होता.

२० ऑगस्ट
दुपारी बाबांनी बाहेरचा शर्ट अंगात घातला आणि पलंगावर बसून राहिले. बसची वेळ. म्हटलं, चला, मी येते सोबत.
"तुले पटते का हे?"
एकदा खोटं बोलून झालं होतं. "नाही पटत. शामराव वाट पाहत असेल."
बाबांनी शर्टाची बटणं लावली नाहीत, शर्ट काढलाही नाही. मी चपला घालून दारात उभी राहिले.