कुलपातलं पिवळं झबलं

आई,

तुम्ही फिरायला गेलात तेवढ्यात निघतेय. डॉक्टरांनी पोटात गर्भ सोडला त्याला आज चौदावा दिवस. दवाखान्यात रक्त तपासायला द्यायचंय, तुमचा लेक खाली गाडी काढतोय. तुमचा चेहरा बघितला असता तर माझा पाय निघाला नसता. दूध तापवून ठेवलंय.

एक कबुली द्यायचीय. नवव्या दिवशी मला राहवलं नाही. तुम्ही अंघोळीला गेलात आणि मी बटणांच्या डब्यातून किल्ली काढून शिलाई मशीनचा खण उघडला. मागच्या खेपेला याच दिवशी घाई केली होती. गर्भ राहावा म्हणून दिलेल्या इंजेक्शनमुळेच घरच्या चाचणीच्या किटवर खोट्या दोन रेघा उमटल्या आणि मी घर डोक्यावर घेतलं. पाच दिवसांनी रक्ताच्या तपासणीत तोंडघशी पडले. तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत. या वेळी फक्त किट कुलपात टाकलंत.

किट उचललं तर खाली ते पिवळं झबलं. मागच्या खेपेच्या त्याच पाच दिवसांत तुम्ही शिवायला घेतलेलं, एक बाही लावायची राहिलेलं. विचारलं तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "त्याचं फडकं केलं, गेलं पुसायला." किती सहज खोटं बोललात माझ्यासाठी!

मग किटची गरजच वाटली नाही. जिथल्या तिथे आहे, बघा हवं तर.

निकाल दुपारी. पहिला फोन तुम्हालाच. हो येवो नाहीतर नाही, मी परत येईपर्यंत दुसरी बाही लावून ठेवा. आणि ते आता कुलपात ठेवू नका.

तुमची उतावळी