दारामागची निळी पिशवी

शनिवार, १४ सप्टेंबर

प्रिय सूनबाईस,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं सुखरूप आहोत. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं निवांत वाचशील. भिंतींवर कमरेएवढी चिखलाची रेघ उमटली आहे, गाद्या टाकून दिल्या, दार फुगून बसलंय. दुकानातली घड्याळं उंच कपाटात होती म्हणून बचावली. तुझं दवाखान्यातलं काम कसं चाललंय? अजून दोन-दोन पाळ्या करतेस का? भावाकडे सगळे बरे असतील.

मंगळवारचं सांगतो. सकाळी आठला नदीचं पाणी गल्लीत आलं. मी हिला म्हटलं, "येतं नि जातं. तू चहा टाक." चहाला उकळी येईपर्यंत पाणी घोट्याला लागलं. मग मात्र माझी पाचावर धारण बसली. हिला शिडीवरून माळ्यावर चढवलं, तर वरून म्हणते, "दारामागची पिशवी घ्या!" तुझी निळी पिशवी गं. खरं सांगतो, तिच्यासाठी परत उतरायची माझी इच्छा नव्हती. हिनं डोळे वटारले म्हणून उतरलो.

माळ्याची खिडकी बंद, आत काळोख. पिशवीतल्या टॉर्चची मला आशा नव्हती, कारण त्याचे सेल गेल्या वर्षी मीच काढून भिंतीवरच्या घड्याळात घातले होते. उगाच बटण दाबलं, तर लख्ख उजेड!

तेवढ्यात हिला दम्याची धाप लागली. ओठ निळे पडायला लागले. चाळीस वर्षं केसाएवढे स्क्रू बसवणाऱ्या माझ्या हातांना पिशवीत काय शोधायचं ते कळेना. पिशवीत श्वासाचा पंप होता, त्याला गुंडाळलेली तुझी चिठ्ठी होती. 'आईंना आडवं करू नका. थोडं पुढे वाकून बसवा. पंप हलवा. एका वेळी एकच दाब, मग मिनिटभर थांबा. बाबा, घाबरू नका, तुम्हाला जमेल.' मी मोठ्यानं वाचत गेलो आणि करत गेलो. चौथ्या दाबानंतर छातीतली घरघर कमी झाली. ही म्हणाली, "ओरडताय कशाला? मी काही बहिरी नाही." तेव्हा मी रडलो. तिच्यासमोर रडलो.

मग पिशवीतलं पाणी प्यालो, बिस्किटं खाल्ली. माळ्याची खिडकी उघडून पिशवीतलीच शिट्टी वाजवत राहिलो. दुपारी होडीवाले आले.

पण त्यांची वाट बघताना मी पंप उलटून पाहिला. त्यावरच्या तारखेप्रमाणे दोनच महिन्यांपूर्वी बनलेला. तुला घर सोडून तर चौदा महिने झाले! हिला विचारलं, "हा कुणी आणला?"

ही म्हणाली, "ती येते दर तीन महिन्यांनी. तुम्ही दुकानात गेलात की. पाणी बदलते, औषधांच्या तारखा बघते. सेलही तिनंच घातले."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तिनं शपथ घातली होती. म्हणाली, मला बघून बाबांना त्रास होतो."

सूनबाई, हे सगळं लिहीत बसलो, पण जे लिहायचं ते टाळतोय. माझा मुलगा गेल्यावर महिन्याभरात तू ही पिशवी भरायला बसलीस. मी म्हणालो, "नवऱ्याला वाचवता आलं नाही, आता आम्हाला पिशवीत भरून वाचवणार होय?" तू पिशवीची चेन लावलीस, ती दारामागे अडकवलीस. आठवड्यानं घर सोडलंस. मी गल्लीभर सांगितलं, बदली झाली म्हणून.

तो कोसळला तेव्हा डॉक्टर येईपर्यंत तू त्याची छाती दाबत होतीस, हात सुजेपर्यंत. मी उंबऱ्यात उभा राहून ते पाहिलं होतं. पाहूनही तसं बोललो. मला कुणावर तरी फुटायचं होतं, आणि तू जवळ होतीस. एवढंच तुझं चुकलं.

आत्ता ही स्वयंपाकघरात भांडी आपटत माझ्या नावानं बडबडतेय. तो आवाज मला तुझ्यामुळे ऐकायला मिळतोय. तुझे उपकार कुठल्या तोंडानं मानू?

एक मागणं आहे. यापुढे मी दुकानात जायची वाट बघू नकोस. मी घरी असताना ये. रविवारी दुकान बंद असतं.

तुझा अपराधी आणि ऋणी,
बाबा