वरच्या मजल्याचे पाणी

रिग्गई, कुवेत
२ ऑक्टोबर २०२५

ती. नर्मदाआत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

मोठ्यांच्या कामात मी बोलणे शोभत नाही. तरी धाडस करून लिहिते, क्षमा असावी. तिकडे टेक्सासमधल्या शाळा समितीच्या निवडणुकीत कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक शेजाऱ्यांनी मिळून एकच उमेदवार द्यावा म्हणून आपण दारोदार फिरता. दोन्हीकडचे लोक म्हणतात, काम झाले की पलीकडचे आम्हाला विसरतील. म्हणून आपण हे सोडणार, असे आपल्या ईमेलमध्ये वाचले.

हेच वाक्य मी लहानपणी इथल्या जलीब वस्तीतल्या आमच्या इमारतीत ऐकले होते. खाली आपले कोकणातले कामगार, वर हैदराबादची कुटुंबे. नळ दोघांचेही कोरडे. मालकाकडे एकत्र अर्ज करायला कुणी तयार नव्हते. तेव्हा बाबा वरच्या दारांवर गेले आणि वरचे इम्तियाजचाचा खालच्या. खालच्या जयरामदादांनी चाचांना विचारले, तुम्हाला पाणी आले आणि आम्हाला नाही, तर? चाचा म्हणाले, माझ्याकडे आंघोळीला या, साबण मात्र तुमचा. त्या हशातच सह्या झाल्या. जिन्यातला मुनिराचाचींच्या चहाचा वास अजून आठवतो.

माया आहेच, ती वाढती राहावी.
आपली भाची,
मैथिली


टेक्सास
१० जानेवारी २०२६

चि. मैथिलीस,
अनेक आशीर्वाद.

शोभत नाही म्हणत म्हणत आत्याला कामाला लावलंस, लबाड! मी अदलाबदल केली: कृष्णवर्णीयांच्या दारांवर हिस्पॅनिक रोसा, हिस्पॅनिकांच्या दारांवर कृष्णवर्णीय लॉरेटा. उमेदवार निवडून आला. पण बंद पडलेली शाळेची बस सुरू झाली, ती फक्त रोसाच्या गल्लीत. लॉरेटाची माणसं म्हणतात, बघा, म्हटलं नव्हतं? लॉरेटा आता कुणाचाच फोन उचलत नाही. जलीबला पाणी आलं का, हे तू लिहिलंच नाहीस. खरं सांग. आणि तुझ्या बाबाला, नंदूला म्हणावं, बहिणीलाही दोन ओळी लिहीत जा.

तुझी,
आत्या


रिग्गई, कुवेत

ती. आत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

आधी लपवले, त्याची लाज वाटते. पाणी आले, पण वरच्याच मजल्यावर. खाली नको नको ते बोलणे झाले. दुसऱ्या सकाळी चाचा स्वतः जयरामदादांच्या दाराशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, साबण घ्या, वर आंघोळीला चला. पुढे एकोणीस दिवस आपले लोक खांद्यावर पंचा टाकून रांगेने वर जात. विसाव्या दिवशी दुसरा अर्ज गेला. त्यावर पहिली सही चाचांची होती; मग खालच्या नळांनाही पाणी आले.

रोसाताईंना सांगावे, फोन करत बसू नये. लॉरेटाबाईंच्या दाराशी जाऊन उभे राहावे.

चाचांना हैदराबादला परतून आठ वर्षे झाली. संकोचापायी मी त्यांना एकदाही लिहिले नाही. हे पाठवून आता त्यांनाच लिहायला बसते.

आपल्या लोभाची धनी,
मैथिली
१२ जानेवारी २०२६, सकाळी ६ वाजून ४० मिनिटे